आकडे दाराकडे

मित्रांनो, भंगारवाल्याने मला हातात घेतले तर तो म्हणेल, "जुनी पोलादी चकती, मधोमध भोक, बाजूला एक कान. वजनावर घेऊ." त्याला म्हणावे, हात आवर! याच भोकावरून दोन देश भांडले आहेत. मला पुढ्यात ठेवून तीन मोठ्या माणसांनी न्याय केला आहे. मी विमानात बसले आहे. आणि सगळ्या गोंधळात खरे काय ते फक्त मला ठाऊक होते! आजही ती गोष्ट आठवली की माझे पोलाद शहारते. सांगू का? तुम्ही नको म्हणालात तरी सांगणारच आहे.

माझा जन्म एका लेथवर झाला. कारागीर अबोल होता. माझ्या भोकाची धार काढायला त्याने दोन दिवस घेतले. एका बाजूने धार अशी कोरी की कागद फाटावा, आणि दुसऱ्या बाजूने मुद्दाम उतार. मग धारेच्याच बाजूने त्याने माझ्या कानावर हातोडीने आकडे ठोकले: सत्तेचाळीस हा माझा क्रमांक, आणि खाली भोकाची रुंदी. "आकडे जिकडे, धार तिकडे," तो शिकाऊ मुलीला म्हणाला, "आणि धारेला बोट लावलंस तर हिचं काम संपलं म्हणून समज." त्या दिवसापासून मला बोटांची भीती आहे.

माझे काम काय, विचारता? गॅस मोजणे! शाळा सुटली की फाटकात कशी गर्दी होते, आठवा. फाटकाच्या आत रेटारेटी, बाहेर मोकळे. आत किती रेटा आणि बाहेर किती, हे कुणी मोजले तर किती मुले गेली ते सांगता येईल. मी म्हणजे गॅसच्या वाटेतले फाटक. वाहता गॅस माझ्या धारेवर आपटतो, भोकातून घुसतो, पलीकडे मोकळा होतो. दोन्हीकडच्या दाबातला फरक एक यंत्र टिपते आणि त्यावरून किती गॅस गेला ते ठरते. पण गॅस आधी धारेवर यायला हवा हं! आधी उतार आला तर तो घसरगुंडीवरून उतरल्यासारखा अलगद निघून जातो, फरक कमी दिसतो आणि आकडा खोटा पडतो. एवढे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मला नेमले ते दोन देशांच्या सरहद्दीजवळ. वरच्या देशाच्या जमिनीखाली गॅस होता आणि खालच्या देशात तो जाळणारे कारखाने, दवाखाने, घरे. वरचा देश आपल्या हद्दीत एकदा मोजून गॅस सोडायचा आणि खालचा देश आपल्या हद्दीत पुन्हा मोजून घ्यायचा. मी खालच्या देशाच्या मापनखोलीतली. खोली लांबट, तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर जाड पाइप. पाइपाच्या दोन तोंडांमध्ये मला उभी बसवून सोळा बोल्ट आवळत. बाहेर दिसायचा तो फक्त माझा कान.

हे आवळणे-सोडवणे फिटर आप्पांकडे होते. आप्पा म्हणजे पान्हा हातात असला की देवाचेही न ऐकणारा माणूस! वर्षातून एकदा मला बाहेर काढून मऊ फडक्याने पुसायचे आणि माझ्या धारेवर टॉर्च मारायचे. धार बोथट झाली की तिथे प्रकाश चमकतो. तीक्ष्ण असेल तर चमकत नाही. "बघ, अंधार दिसतोय ना? म्हणजे चोख," असे ते आपल्या मुलीला सांगत. मुलगी तेव्हा नव्यानेच कामाला लागली होती. मग मला परत बसवताना ते नेहमीचे वाक्य म्हणत, "आकडे दाराकडे!"

कारण खोलीचे दार सरहद्दीच्या बाजूला होते आणि गॅसही तिकडूनच यायचा. आकडे दाराकडे ठेवले की धार आपोआप गॅससमोर. बाण बघा, नकाशा बघा, कशाची गरजच नव्हती. आप्पा निवृत्त झाले, मुलगी मापनखोलीची प्रमुख झाली, सगळे तिला ताई म्हणू लागले. पण मला बसवण्याचे काम ताईने कुणाला दिले नाही. स्वतः बाह्या सरसावायची आणि वडिलांच्याच ठसक्यात म्हणायची, "आकडे दाराकडे!"

काय दिवस होते ते! वर्षाच्या सफाईला वरच्या देशाचा गॅस मोजणारा मापनीसही यायचा, कारण करारच तसा होता: चकती काढताना आणि बसवताना दोघांनी हजर राहायचे, दोघांनी सह्या करायच्या. त्याला आम्ही चष्मेवाले म्हणायचो. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि तिसरा कुठे ठेवला म्हणून खिसे चाचपत. त्यांचा आकडा आणि आमचा आकडा शेजारी मांडला की शंभराला अर्ध्याचाही फरक निघत नसे. "ताई, तुमची चकती म्हणजे सोनं आहे," असे ते म्हणाले होते. मी आठवडाभर तोऱ्यात होते.

मग एका वादळात बाहेरचे झाड भिंतीवर पडले. सरहद्दीच्या बाजूची भिंत कलली. गवंड्यांनी ती पुन्हा बांधली, तिकडचे दार बुजवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शहराच्या बाजूला, नवे दार काढले. छान रुंद दार, गुळगुळीत उंबरा. नकाशात मात्र कुणी बदल केला नाही. नकाशा कपाटात, कपाट कार्यालयात आणि कार्यालय शहरात, कोण जाणार?

तीन महिन्यांनी सफाईचा दिवस आला. ताईने मला काढले, पुसले, टॉर्च मारला. अंधार दिसला. चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा बदलून माझा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला. आणि ताईने मला उचलले, नव्या दाराकडे वळवले आणि म्हणाली, "आकडे दाराकडे!"

अगं ताई, काय करतेस! मी ओरडले. दार फिरले, गॅस नाही फिरला! पण पोलादाचे ओरडणे कोण ऐकतो? सोळा बोल्ट आवळले गेले. तपासणीच्या तक्त्यात प्रश्न होता, 'आकडे स्पष्ट दिसतात का?' ताईने लिहिले, 'होय.' दोघांनी सह्या केल्या. झडप उघडली आणि गॅस माझ्या पाठीवरून, उताराच्या बाजूने, अलगद घसरत निघून गेला. मला इतके लाजिरवाणे कधीच वाटले नव्हते.

महिनाअखेरीला आकडे शेजारी मांडले गेले. वरच्या देशाचे शंभर, आमचे पंच्याऐंशी! ताईने यंत्र तपासले, तारा तपासल्या, हिशेब तीनदा केला. सगळे चोख. तिकडे चष्मेवाल्यांचेही सगळे चोख. पुढच्या महिन्यातही तेच. मग पत्रे सुरू झाली. वरचे म्हणाले, मोजण्याआधीच कुणीतरी गॅस चोरतो. खालचे म्हणाले, तुम्ही मुळात कमीच सोडता, चोराच्या उलट्या बोंबा. मोठमोठ्या लोकांनी साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. आणि काखेत कळसा असताना गावभर वळसे घालणारी ही मंडळी पाहून मी पाइपात नुसती तडफडत होते!

शेवटी वरच्या देशाने कळवले, चोरी थांबली नाही तर झडप बंद करू. पत्रात चोराचे नावही होते. मापनखोलीची प्रमुख, म्हणजे आमची ताई! तिच्याच हाताखाली सगळे होते, म्हणून तिनेच काहीतरी फेरफार केला असणार, असे त्यांनी लिहिले होते. ताई ते पत्र वाचून माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिली. वीस वर्षांत एक दिवस उशिरा न आलेली बाई! संध्याकाळी आप्पा आले तर तिने पत्र लपवले. त्यांनी ते तरीही वाचले आणि घडी घालून तिच्या हातात परत ठेवले. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. माझ्यामुळे तिला चोर म्हटले जात होते आणि मी तिच्यापासून दोन हातांवर गप्प उभी होते.

सुदैवाने दोन्ही देशांनी करारात आधीच लिहून ठेवले होते: भांडण झाले तर ना तुमचे कोर्ट ना आमचे, लवादाकडे जायचे. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेले पंच. एक पंच तुमचा, एक आमचा, आणि ते दोघे मिळून तिसऱ्या देशातला तिसरा, म्हणजे अध्यक्ष, निवडणार. त्यांचा शब्द दोघांनी पाळायचा. निवडल्या गेल्या एक सत्तरीच्या बाई, जुन्या न्यायाधीश. अध्यक्षबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "निकाल लागेपर्यंत झडप बंद होणार नाही. भांडण मोठ्यांचं आहे, दवाखान्यातल्या माणसांना थंडीत कुडकुडवायचं नाही." ते ऐकून खालच्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. ताईने मात्र नाही. तिच्यावरचा डाग तसाच होता.

मापनखोलीला सील लागले. मी पुरावा झाले! एक तटस्थ तपासनीस आले, बसवलेल्या अवस्थेत माझा फोटो काढला, कार्यालयातला नकाशा उघडला आणि अहवालात लिहिले, 'चकतीचे आकडे दाराकडे आहेत. नकाशाप्रमाणे बरोबर.' अहो साहेब, जरा दाराबाहेर डोकावून बघा की! पण ते घाईत होते. त्यांनी मला पाइपातून काढून फोमच्या पेटीत घातले, आणि मी विमानात बसले. एका चकतीसाठी दोन पहारेकरी! रागावले होते तरी खोटे कशाला सांगू, मजा आली.

सुनावणीची खोली उंच, गालिचा मऊ, खिडक्या धुतलेल्या. मला टेबलावर ठेवून चिठ्ठी चिकटवली. आणि मग बोटे! ज्याने त्याने यावे आणि बोट फिरवून म्हणावे, "हीच का ती?" आमच्या बाजूचे वकीलसाहेब तर बोलण्याच्या भरात मला उचलून टेबलावर आपटायचे. "ही चकती खोटं बोलत नाही!" धाड्. "खोटं बोलतंय ते त्यांचं यंत्र!" धाड्. त्या दुसऱ्या धाडीला माझ्या धारेला खाच पडली. मला कळले, आपले काम संपले. रडू आले असते, पण त्याच क्षणी ताईला साक्षीला बोलावले आणि मी स्वतःला विसरले.

ताईने घरचा धुतलेला स्वेटर घातला होता. निघण्यापूर्वी तिच्या संचालकांनी तिला सांगितले होते, "एवढंच म्हणायचं, आमची चकती बरोबर, आमचं यंत्र बरोबर. बाकी वकील बघतील." तिनेही तेच सांगितले, कारण तिला ते खरेच वाटत होते. वरच्या देशाच्या वकिलांनी तिला उलटसुलट विचारून दमवले, पण ती ढळली नाही. आता सुटली असे वाटत होते, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला यंत्रातलं फार कळत नाही, म्हणून विचारते. चकती कशी बसवायची, हे तुम्ही कसं ठरवता?"

"सोपं आहे," ताई म्हणाली. "आकडे दाराकडे. वडिलांनी शिकवलंय."

"बरं. मग दार कुठं आहे? नकाशात ते सरहद्दीच्या बाजूला दिसतंय. पण या फोटोत दाराबाहेर कारखान्याचं धुरांडं आहे. कारखाना तर शहरात आहे ना?"

ताईने फोटो जवळ ओढला. तिची नजर फोटोवरून नकाशावर, नकाशावरून माझ्यावर आली. तिचा चेहरा पांढरा पडला. कळले तिला! एका वर्षानंतर कुणालातरी कळले! मी टेबलावर नाचायचे तेवढे बाकी होते.

वकीलसाहेब ताडकन उठले. "अध्यक्ष महोदया, नकाशा जुना आहे, मुद्दा किरकोळ आहे. थोडी विश्रांती घ्यावी ही विनंती."

"पंधरा मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साक्ष अर्धी आहे. साक्षीदाराशी कुणी एक शब्द बोलायचा नाही."

खोली रिकामी झाली. वकीलसाहेब जाता जाता डोळ्यांनीच खुणावून गेले, गप्प बसा. दाराशी एक कारकून, आणि टेबलापाशी ताई आणि मी. ती वाकली आणि हळूच म्हणाली, "उलटी बसवली ना गं तुला मी?"

हो, हो, हो! मी म्हणाले. तिला ऐकू आले नाही, पण उत्तराची तिला गरजही नव्हती.

मित्रांनो, आता तिची अडचण बघा. गप्प बसली असती तर कुणी काही सिद्ध करू शकले नसते. कदाचित आमची बाजू जिंकलीही असती, आणि कमी गॅस सोडणारे खोटारडे म्हणून चष्मेवाल्यांचे नाव झाले असते. बोलली तर तिचा देश हरणार, संचालक तिला घरी बसवणार, आणि आप्पांनी आयुष्यभर मिरवलेल्या वाक्याचे हसे होणार. चोरी तिने केली नव्हती, पण खरे सांगायचे तर चूक तिचीच होती. तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. मग घड्याळाकडे बघत ती उभीच राहिली, बसली नाही.

सगळे परत आले. अध्यक्षबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. ताई म्हणाली, "दार आता शहराच्या बाजूला आहे. वादळानंतर बदललं. मी सवयीनं आकडे दाराकडे ठेवले. म्हणजे धार पाठीमागे गेली. चकती वर्षभर उलटी होती. गॅस कुणी चोरला नाही आणि वरच्यांनी कमीही सोडला नाही. पूर्ण आला. मीच तो कमी मोजला. चूक माझी आहे."

काय गलका झाला म्हणून सांगू! वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. संचालकांचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे झाले. तिकडच्या वकिलांना आनंद करावा की चोरीचा आरोप हातचा गेला म्हणून रडावे, तेच समजेना. आणि या सगळ्यात मागच्या रांगेतून चष्मेवाले उठून उभे राहिले.

"तुमची साक्ष उद्या आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"उद्यापर्यंत दम निघायचा नाही, बाई," ते म्हणाले. "बसवताना मी तिथंच होतो. मी फक्त क्रमांक बघितला, बाजू बघितली नाही. खाली सही माझीही आहे. चूक एकटीच्या माथी मारू नका."

त्यांच्या वकिलांनी त्यांचा कोट ओढला. ते बसले नाहीत. मी त्या माणसाला तीन चष्म्यांवरून वर्षानुवर्षे हसले होते. त्या दिवशी मनातल्या मनात माफी मागितली.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? तरी लवादाने आरसा आणलाच. माझ्यासारखीच नवी चकती आमच्या पाइपात एक दिवस सुलटी आणि एक दिवस उलटी बसवून पाहिली. सुलटी, शंभर. उलटी, पंच्याऐंशी! चार महिन्यांनी निकाल आला. जेवढा गॅस मोजायचा राहिला तेवढा खालच्या देशाने मान्य करावा, त्याचे पैसे तीन वर्षांत हळूहळू फेडावे, आणि झडप उघडीच राहावी. एक ओळ ताईने आप्पांना मोठ्याने वाचून दाखवली: 'चोरी झालेली नाही. चूक प्रामाणिक आहे आणि ती साक्षीदाराने स्वतः सांगितली आहे.'

आप्पांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "मी तुला दार शिकवलं. गॅस कुठून येतो ते शिकवायला हवं होतं." ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

पण नोकरीचे काय? पुढच्या आठवड्यात संचालक येणार होते. ताईने टॉर्च, डबा, जुना स्वेटर पिशवीत भरून ठेवला. मी तोपर्यंत परत येऊन तिच्या टेबलावर कागद दाबायच्या कामाला लागले होते. खाच पडलेल्या चकतीला दुसरे काम कोण देणार? संचालक आले. चेहरा उतरलेला. पिशवीकडे बघून म्हणाले, "कुठं निघालात?"

"घरी. आणखी कुठं?"

"बसा खाली. वरच्यांनी नव्या करारात एक अट घातलीये. मी दोन दिवस त्यांच्याशी वाद घातला, ऐकत नाहीत." त्यांनी कागद पुढे केला. "म्हणतात, मापनखोलीत याच बाई हव्यात. त्यांनी लिहिलेला आकडा आम्ही न तपासता मान्य करू. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही."

कागद वाचता वाचता ताईचा हात माझ्यावर येऊन टेकला. बोट थेट धारेवर! आणि काय सांगू, मला जरासुद्धा राग आला नाही. ज्यांनी तिला चोर म्हटले, त्यांनाच आता तिच्याशिवाय कुणावर विश्वास नव्हता!

मित्रांनो, आता एक मागणे. तुमच्या घरातला तराजू, शाळेतली पट्टी, दवाखान्यातला तापमापक, ही सगळी माझी भावंडे. आम्हाला जपून हाताळा. आमचा आकडा पटला नाही तर एकमेकांवर ओरडण्याआधी आम्हाला एकदा नीट निरखून बघा. आणि चूक तुमच्याच हातून झाली आहे असे दिसले, तर समोर कोण बसले आहे याचा विचार न करता उभे राहा आणि सांगून टाका.